शून्यं नाही, घरं मोजा
मोठी संख्या थोडक्यात, म्हणजे एकअंकी पूर्णांक भाग असलेली संख्या गुणिले १०चा घात अशी लिहायला शिकवताना "शून्यं मोजायची आणि तेवढा घात लिहायचा" असं काहीजण सुचवतात, पण ते मुलांना हमखास चुकवतं. ४५,००,००० मध्ये शून्यं पाच, घात मात्र सहावा: ४.५ × १०चा सहावा घात. माझी आठवीतली पुतणी अगदी इथेच अडली होती.

तिला मी पाढ्यांच्या पुस्तकातली अंकांची घरं, म्हणजे स्थानं, बोटांवर म्हणायला लावली. एकं म्हणजे शून्य, मग दहं १, शतं २, सहस्र ३, दशसहस्र ४, लक्ष ५, दशलक्ष ६, कोटी ७, दशकोटी ८. पहिला अंक ज्या घरात, तोच घात! सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, म्हणजे पहिला अंक १ हा दशकोटीच्या घरात. तिने लगेच वहीत लिहिलं, १.५ × १०चा आठवा घात. ही घरं आपल्या मुलांना आधीच पाठ असतात, त्यांचा उपयोग वर्गात का करून घेत नाहीत?