पुढचा एकच दात काळा पडलाय: कॅप, व्हेनिअर की आणखी काही?

रानजाई

नमस्कार. वरचा डावा पटाशीचा दात, अगदी मधला. शाळेत असताना पळता पळता तोंडावर आपटले आणि त्याचं टोक उडालं. पुढे मुळाशी पू झाला म्हणून रूट कॅनाल झालं, टोक दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरून दिलं. त्यानंतर दुखणं असं कधी नाही. पण दात काळवंडत गेला. आता शेजारचा पांढरा, हा करडा, हिरडीजवळ तपकिरी, आणि भरलेल्या टोकाचा रंग तिसराच.

माझं काम दिवसभर लोकांसमोर बोलण्याचं आहे. समोरच्याची नजर डोळ्यांवरून तोंडाकडे घसरली की मला लगेच कळतं आणि मी वाक्य आवरतं घेते. म्हणून आता काहीतरी करायचंच आहे.

दोन डॉक्टरांना दाखवलं. एकांचं म्हणणं, दात मशीनने चहूबाजूंनी घासून बारीक करून त्यावर झिर्कोनियाची कॅप. दुसऱ्यांनी माझा फोटो काढून वरच्या सहाही दातांना व्हेनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच) लावल्यावर मी कशी दिसेन ते स्क्रीनवर दाखवलं. दिसत सुंदर होतं, खोटं का बोलू. पण त्यातले पाच दात धडधाकट आहेत. त्यांना मशीन लावायचं मनात आलं तरी पोटात गोळा येतो.

एका दातासाठी बाकीच्यांना हात लावायची खरंच गरज असते का? नुसत्या ब्लीचिंगने भागेल का? रूट कॅनालचा दात ठिसूळ होतो, त्याला कॅप हवीच असं म्हणतात, ते पुढच्या दातालाही लागू आहे का? आणि मी झोपेत दात खाते असं घरचे सांगतात, त्याने काही फरक पडतो का?

मुळाक्षर

मी दंतवैद्य आहे. तोंडात पाहिल्याशिवाय निदान करणार नाही, पण पर्याय कोणत्या क्रमाने तपासावेत ते सांगतो.

मार लागला की दाताच्या आतल्या पोकळीत रक्तस्राव होतो. त्या रक्तातले लोहाचे अंश डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या थराच्या, बारीक नलिकांमध्ये शिरून बसतात. रूट कॅनाल करताना आतल्या कोपऱ्यात थोडी उती राहिली असेल किंवा मुळात भरायचं साहित्य वर दिसणाऱ्या भागापर्यंत आलं असेल तरी दात काळवंडतो. म्हणजे डाग आतला आहे. ट्रे लावून बाहेरून केलेलं ब्लीचिंग इथे अपुरं पडतं. शेजारचे दात उजळतात आणि हा आणखीच उठून दिसतो.

अशा दाताला आतून ब्लीच करता येतं. दाताच्या मागच्या बाजूचं जुनं भोक उघडायचं, मुळात भरलेलं रबरासारखं साहित्य (गटापर्चा) हिरडीच्या पातळीच्या किंचित खाली उतरवायचं, त्यावर साधारण २ मिमी जाड ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर देऊन मुळाची वाट बंद करायची, आणि वरच्या पोकळीत सोडियम परबोरेट पाण्यात कालवून भरायचं. भोक तात्पुरतं बुजवून पेशंट घरी जातो. काही दिवसांनी उघडून रंग बघायचा, लागलं तर पुन्हा भरायचं. १९६० च्या दशकापासून ही पद्धत रुळलेली आहे.

तो २ मिमीचा थर टाळू देऊ नका. ब्लीच दाताच्या मानेपाशी बाहेर झिरपलं तर मूळ बाहेरून खाल्लं जाण्याची शक्यता असते, आणि लहानपणी मार लागलेल्या दातात ती जास्त. पूर्वी ३० टक्क्यांच्या पुढचं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून वरून उष्णता देत. त्यात हे प्रकार अधिक दिसले. म्हणून उष्णता नको, आणि नंतर अधूनमधून एक्स-रे हवा.

पण सगळ्याच्या आधी आजचा एक्स-रे. मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली तर रंगाची चर्चा बाजूला, आधी रूट कॅनाल नव्याने.

कॅपविषयी: पुढच्या दाताच्या भिंती बऱ्यापैकी शाबूत असतील तर निव्वळ रूट कॅनाल झालंय म्हणून कॅप बसवत नाहीत. दाढांचं वेगळं. तिथे चावण्याचा भार दाताला उभा चिरू पाहतो, म्हणून बहुतेक वेळा वरून झाकावं लागतं. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी २००२ मध्ये दात मशीनने घासण्याआधी आणि घासल्यावर वजन करून पाहिलं. व्हेनिअरसारख्या कामात दाताच्या वरच्या भागाचा ३ ते ३० टक्के हिस्सा जातो, पूर्ण कॅपमध्ये ६३ ते ७२ टक्के. तुमच्या दाताचं टोक आधीच गेलंय, मागून भोक आहे. उरलेलं जपायला हवं.

शाडूमाती

मुळाक्षर यांनी डॉक्टरच्या बाजूने सांगितलं, मी लॅबच्या बाजूने लिहिते. मी दातांच्या लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते. तुमचं माप ज्या टेबलावर येतं त्या टेबलाशी मी बसते.

आमच्याकडे येणाऱ्या कामांत सगळ्यात अवघड काम म्हणजे वरचा मधला एकच दात. दाढेच्या कॅपचा रंग इकडेतिकडे झाला तर कुणाला दिसत नाही. इथे जोडीचा दात अगदी शेजारी, आणि माणसाचा डोळा त्या दोघांची तुलना केल्याशिवाय राहत नाही. माप आणि सोबत चिठ्ठी येते, तिच्यावर रंगाचा नंबर लिहिलेला असतो, ‘ए२’. बस, एवढंच. शेड गाइडमध्ये, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुन्यांच्या संचात, १६ नमुने असतात, पण खरा दात कुठल्याच एका नमुन्याचा नसतो. हिरडीजवळ पिवळट आणि दाट, मधे उजळ, टोकाशी जवळजवळ पारदर्शक, त्यात निळसर झाक. तरुण दातावर आडव्या बारीक रेघा असतात, वय वाढतं तशा त्या झिजून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. हे सगळं चिठ्ठीत येत नाही. फोटो आले तर निम्मं काम होतं, पेशंट स्वतः लॅबमध्ये आली तर बाकीचं निम्मंही होतं.

आता काळ्या दाताची अडचण. तो घासून बारीक केला तरी आत उरलेला खुंट काळाच असतो. गडद भिंतीवर पातळ चुना मारल्यावर जसा मागचा रंग डोकावतो, तसा पातळ सिरॅमिकमधून तो खुंट डोकावतो. झाकायचा तर दोनच वाटा. सिरॅमिक जाड करा, म्हणजे दात आणखी घासा. किंवा अपारदर्शक साहित्य वापरा, म्हणजे बैठकीत ठीक दिसतं, पण उन्हात किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये शेजारचा दात उजेड आत घेतो आणि हा परतवून लावतो. झिर्कोनिया ताकदीला लिथियम डायसिलिकेट या दुसऱ्या सिरॅमिकच्या दुपटीहून जास्त, पण ताकदवान झिर्कोनिया तितका पारदर्शक नसतो. तुम्हाला इथे ताकदीपेक्षा उजेडाचं गणित जमवायचं आहे.

म्हणूनच आतलं ब्लीचिंग मला इतकं महत्त्वाचं वाटतं. समजा ते पूर्ण यशस्वी झालं नाही, दोन शेड कमीच पडल्या आणि पुढे व्हेनिअर किंवा कॅप करावीच लागली, तरी आतला खुंट उजळलेला असेल. मग मला पातळ सिरॅमिक चालतं, डॉक्टरांना कमी घासावं लागतं. ब्लीच वाया जात नाही. आमच्याकडे अशी कामं येतात तेव्हा चिठ्ठीवर खुंटाचा रंगही लिहिलेला असला की मला हायसं वाटतं, कारण कोणीतरी विचार करून पुढे गेलंय हे कळतं.

सहा व्हेनिअरबद्दल सरळ सांगते. सहा दात एकदम आले की माझं काम सोपं होतं. ते सहाही माझ्याच हातचे, एकमेकांशी जुळणारच. कुठल्या नैसर्गिक दाताची नक्कल करायची नाही. डॉक्टरांनाही निकालाची खात्री वाटते. ती सोय खरी आहे, पण तिच्यासाठी तुमच्या पाच चांगल्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, जातं, आणि एनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. त्या पाचांना आयुष्यभर काही ना काही लावून ठेवावं लागेल, कारण कुठलाच व्हेनिअर कायमचा टिकत नाही. तुमचे बाकीचे दात तुम्हाला आवडत नसते तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही तसं कुठेच म्हटलेलं नाही.

झोपेत दात खाण्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा, काम झाल्यावर नाही. प्लास्टरच्या मॉडेलवर मला ते दिसतं: टोकं सपाट, सुळ्यांचा कोन गेलेला. अशा तोंडात पातळ काठ आधी तुटतो. नाईटगार्ड (रात्री दातांवर घालायचं कव्हर) हा त्या उपचाराचाच भाग धरा.

आणखी एक. शेड भेटीच्या सुरुवातीला घ्यायला सांगा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. त्या वेळी घेतलेली शेड फसवते. लिपस्टिक नको, भडक कपडे नकोत, शक्य तर दिवसाचा उजेड. शेडचा नमुना दाताच्या टोकाला टोक लावून, त्याच पातळीत धरून फोटो काढला तर तो मला कामाचा. नमुना दातापुढे धरला की तो जास्त उजळ दिसतो आणि सगळं गणित चुकतं.

पाणकणीस

मला वरच्या आठ दातांना व्हेनिअर आहेत आणि मी समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. लहानपणी टेट्रासायक्लिनची औषधं झाली, त्यामुळे दातांवर करड्या आडव्या पट्ट्या होत्या. सगळ्याच दातांवर. महिनोन्महिने ट्रे लावले, पट्ट्या पुसट झाल्या, गेल्या नाहीत. मग व्हेनिअर.

दात घासण्याआधी डॉक्टरांनी मेणाच्या मॉडेलवरून प्लास्टिकचा साचा करून तात्पुरते दात तोंडातच लावून दाखवले. आरशात बघितलं, बोलून पाहिलं, ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना खालचा ओठ अडखळत होता म्हणून टोकं थोडी कमी करून घेतली. हे स्क्रीनवरच्या चित्रात कळलं नसतं. एकाचा कोपरा मधे तुटला, तो नवा करावा लागला. हिरडी थोडी वर सरकलीय तिथे कड दिसते.

पण रानजाई, माझे आठही दात बिघडलेले होते. तुमचा एकच आहे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शाडूमाती, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. खुंटाच्या रंगाचा मुद्दा दोन्ही ठिकाणी कुणी काढलाच नव्हता.

एक्स-रे काढला. मुळाशी सावली नाही, रूट कॅनाल टोकापर्यंत नीट भरलंय असं तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. आतून ब्लीच करायला त्या तयार आहेत, ग्लास आयोनोमरच्या थराबद्दल मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. आता दोन शंका. ब्लीच झाल्यावर टोक त्याच दिवशी नवं करता येईल का? आणि रंग पुन्हा काळा होईल का?

मुळाक्षर

त्याच दिवशी नको. ब्लीचमधला ऑक्सिजन दातात काही काळ राहतो आणि कॉम्पोझिटची, म्हणजे टोक भरायच्या दाताच्या रंगाच्या साहित्याची, पकड कमी करतो. रंगही काम संपल्यावर थोडा खाली उतरून स्थिरावतो. साधारण दोन आठवडे थांबून मग टोक भरावं. त्या काळात पोकळी तात्पुरत्या भरणाने नीट बंद असली पाहिजे.

रंग काही वर्षांनी थोडा परत येऊ शकतो, काहींना येतो, काहींना नाही. आला तर पुन्हा उघडून ब्लीच करता येतं, तेव्हाही दात घासावा लागत नाही. म्हणून डॉक्टर शेजारच्या दातापेक्षा किंचित उजळ ठेवून थांबतील, त्याने दचकू नका.

पुढे कधी कॅपची वेळ आलीच तर हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड ते दोन मिमी उंचीची स्वतःच्या दाताची भिंत लागते, तिच्यावर कॅप धरून राहते. आज दात घासला नाही तर ती भिंत तेव्हा शिल्लक असेल.

शाडूमाती

फार बरं वाटलं वाचून. टोकाबद्दल एवढंच: जुन्या कॉम्पोझिटवर ब्लीचचा परिणाम होत नाही, तेव्हा ते पूर्ण काढून नवं करायला सांगा, त्याच्यावरच थर चढवायला नको. आणि एकाच रंगाचा गोळा नको. आत दाट रंग, वरून पारदर्शक थर, असं दोन-तीन थरांत भरलं की तुटल्याची रेघ दिसत नाही. डॉक्टरांना शेजारच्या दाताचा जवळून काढलेला फोटो समोर ठेवून भरायला सांगा. पॉलिश त्याच दिवशी घाईत न करता पुढच्या भेटीत, दात ओला झाल्यावर बघून करून घेतलं तर अजून चांगलं.

कॉम्पोझिट काही वर्षांनी पिवळसर पडेल, कडेला रेघ येईल. तेव्हा पॉलिश किंवा वरचा थर नवा, तेवढंच. कुठल्या कंपनीचं साहित्य आणि कोणत्या शेड वापरल्या ते कार्डावर लिहून घ्या आणि तुमच्याकडे ठेवा. दुरुस्तीला दुसरे डॉक्टर असतील तर त्यांना तेच लागेल.