मदत हवी आहे: लिनक्सचा डिस्क ड्रायव्हर फक्त एका कार्डापुरता बदलायचा आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, जोडीला डेटा रिकव्हरी करतो. सध्या एका फोटोग्राफर काकांची 2 टीबीची डिस्क आली आहे. तिच्यात 2015 च्या सिंहस्थाचे फोटो आहेत, 29 ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाचे, रामकुंडावर रात्रभर थांबून काढलेले. दुसरी प्रत कुठेच नाही. डिस्क ठरावीक जागी अडकते. वर बोट ठेवलं की आत हेड पुन्हा पुन्हा तिथेच परत जातंय हे जाणवतं.

लिनक्सचा साटा डिस्क चालवणारा नेहमीचा एएचसीआय ड्रायव्हर चांगल्या डिस्कला उत्तम. पण सेक्टर वाचला नाही की तो 30 सेकंद थांबतो, लिंक (डिस्कशी असलेली जोडणी) रीसेट करतो, वेग 6 गिगाबिटवरून 3 वर, मग 1.5 वर आणतो आणि परत तेच वाचायला लावतो. आजारी डिस्कला हे सोसत नाही. टाइमआउट नंतर कमी करता येतो, पण तोवर पार्टिशन टेबल वाचायची धडपड होऊन गेलेली असते.

म्हणून एएचसीआयचीच प्रत घेऊन, एरर हँडलर (चूक आली की काय करायचं ते ठरवणारा भाग) बदलून वेगळं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये वेगळा लोड होणारा ड्रायव्हर, केलं. एकदा चुकलं की लगेच एरर परत, पुढचं डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची प्रत काढणारं टूल) बघून घेतं. आयडी टेबल (ड्रायव्हरने कुठलं हार्डवेअर आपणहून धरायचं त्याची यादी) मुद्दाम रिकामं ठेवलंय, म्हणजे ते सिस्टिमच्या डिस्कला चुकूनही हात लावणार नाही.

हाताने केलं की सगळं चालतं. डिस्क न जोडता मशीन सुरू करायचं, ही डिस्क ज्या वेगळ्या कार्डाला लावतो त्याचा (पत्ता 0000:03:00.0) ड्रायव्हर_ओव्हरराइड लिहायचा, म्हणजे त्या कार्डाला फक्त माझ्या मॉड्यूलचं नाव द्यायचं, एएचसीआय अनबाइंड करून कार्डापासून सोडवायचा, मग डिस्कला पॉवर. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. परवा यूपीएस दमला, मशीन आपोआप परत सुरू झालं, डिस्क जोडलेलीच होती. मी बाहेर होतो. येईपर्यंत जुना ड्रायव्हर तिला चार मिनिटं झोडत होता. तेव्हापासून डिस्क बंद करून ठेवली आहे.

एएचसीआय ब्लॅकलिस्ट केला तर सिस्टिमची डिस्कच गायब, इनिटरॅमएफएसच्या (बूट होताना आधी चालणाऱ्या छोट्या सिस्टिमच्या) प्रॉम्प्टवर अडकलो. मग ओव्हरराइड लिहिणारी स्क्रिप्ट इनिट-टॉपमध्ये (इनिटरॅमएफएसमध्ये सगळ्यात आधी चालणाऱ्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये) टाकली, तरी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) दिसतं की कार्ड आधी एएचसीआयच धरतो. स्क्रिप्ट त्याच्या आधी कशी चालवायची? उबंटू आहे, सिक्युअर बूट बंद आहे.

प्रतिसाद:
दादा, यूडेव्हची (हार्डवेअर ओळखून ड्रायव्हर लोड करवणाऱ्या प्रोग्रामची) स्क्रिप्टही इनिट-टॉपमध्येच असते. ती तुमच्या आधी चालते आणि एएचसीआय लोड करून मोकळी होते. क्रमाच्या मागे लागू नका. मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडच्या) कॉन्फिगमध्ये एएचसीआयसाठी इन्स्टॉलची ओळ लिहा: आधी ओव्हरराइड, मग इग्नोर-इन्स्टॉल लावून खरा एएचसीआय. तो पर्याय विसरलात तर मॉडप्रोब स्वतःलाच हाका मारत बसेल. नंतर इनिटरॅमएफएस नव्याने बांधा आणि ती फाइल आत गेली का ते उघडून बघा. बायोसमध्ये त्या स्लॉटचा ऑप्शन रॉमही (कार्डावरचा, बूटच्या वेळी चालणारा प्रोग्राम) बंद करा, नाहीतर लिनक्सच्या आधी बायोसच डिस्कला विचारायला जाईल. कार्डाचा स्लॉट बदलला तर पत्ता बदलेल, तेवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आधी एका जुन्या 80 जीबीच्या डिस्कवर करून पाहिलं, तीनदा रीबूट केलं. तिन्ही वेळा कार्ड माझ्याच मॉड्यूलकडे, सिस्टिमची डिस्क एएचसीआयकडे. एकच धास्ती उरली आहे: कर्नल अपडेट झाला आणि माझं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलेलं नसलं, तर कार्ड परत एएचसीआयकडे जाईल का?

प्रतिसाद:
नाही. ओव्हरराइडमध्ये ज्याचं नाव, त्यालाच कार्ड मिळतं. तो ड्रायव्हर नसेल तर कार्ड मोकळं राहतं, डिस्कला कुणी विचारतही नाही. तरी डीकेएमएस (नवा कर्नल आला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारी सोय) लावा. फोटो निघाले की काकांच्या हाती दोन प्रती द्या, आणि इथेही कळवा.