बिल्ट-इन फंक्शनचे नाव आपल्या फंक्शनला द्यावे का?

(पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत आधीच तयार मिळते ते बिल्ट-इन फंक्शन. चर्चा सोलापूरची, बोलणारे आपापल्या वस्तीच्या नावाने.)

बाळीवेस: मजकूर छापणाऱ्या बिल्ट-इन ‘प्रिंट’च्याच नावाचे स्वतःचे फंक्शन लिहून प्रत्येक ओळीपुढे वेळ छापावी, नावांच्या गोंधळाची भीती अनाठायी आहे, असा सल्ला ‘जुळे सोलापूर’ने काल इथे दिला. मला तो अजिबात मान्य नाही. पायथॉन कोणतेही नाव आधी फंक्शनच्या आत, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, मग फाइलच्या पातळीवर आणि सर्वांत शेवटी बिल्ट-इनमध्ये शोधतो. त्यामुळे आपले नाव मूळ नावाला झाकते आणि भाषा सूचनाही देत नाही. एका चादर कारखान्याच्या बिलिंगमध्ये कोणीतरी एकूण रकमेलाच ‘सम’ हे नाव दिले होते. बरेच खाली बेरीज करणारे खरे ‘सम’ वापरताच ‘इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ (ही संख्या आहे, फंक्शन म्हणून बोलावता येत नाही) ही त्रुटी आली आणि ऐन गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत बिले अडकली.

जुळे सोलापूर: तो निष्काळजीपणा झाला, माझी पद्धत नव्हे. मी ‘बिल्टइन्स’ मॉड्यूल (मूळ बिल्ट-इन नावे असलेला भाग) इम्पोर्ट करून आतून ‘बिल्टइन्स.प्रिंट’ असे पूर्ण नावानेच बोलावतो, अन्यथा फंक्शन स्वतःलाच बोलावत बसेल. बदल त्या फाइलपुरताच राहतो.

अक्कलकोट रोड: कोणी तुमच्या फाइलमधून स्टार इम्पोर्ट केले (म्हणजे सगळी नावे एकदम घेतली), की तुमचे ‘प्रिंट’ तिथेही शिरते. ऑपरेटिंग सिस्टिमची कामे करणारे ‘ओएस’ मॉड्यूल असे घेतल्यास फाइल उघडणारे बिल्ट-इन ‘ओपन’ झाकले जाते, म्हणून पायथॉनचे अधिकृत दस्तऐवजच तसे करू नका असे बजावतात. त्यापेक्षा मराठी नावे द्या. पायथॉन 3 देवनागरी नावे स्वीकारतो. ‘बेरीज’ कोणत्याही बिल्ट-इनला झाकणार नाही.

बाळीवेस: आमच्याकडे निम्मे लोक घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यांनी काय करावे?

अक्कलकोट रोड: सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी तेलुगू मुले मराठी शाळांत शिकली आहेत, त्यांच्या वतीने आपण बोलू नये.

बाळीवेस: मी त्यांच्याबरोबर रोज काम करतो, म्हणून बोलतो. शिवाय एकाने ‘किंमत’ आणि दुसऱ्याने ‘किमत’ लिहिले, की पायथॉनच्या लेखी ती दोन वेगळी नावे होतात. झाकण्याचा प्रश्न सुटला, तरी नाव न सापडल्याची त्रुटी पदरी पडते.

विजापूर वेस: मूळ मुद्द्यावर या. जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेत ‘मूटूल्स’ या लायब्ररीने प्रत्येक ॲरेला (यादीला) ‘फ्लॅटन’ ही आतल्या याद्या सपाट करणारी सोय जोडून ठेवली होती. पुढे भाषेला तीच सोय द्यायची होती, पण जुन्या साइट मोडल्या असत्या, म्हणून 2019 च्या आवृत्तीत नाव ‘फ्लॅट’ ठेवावे लागले. एका लायब्ररीने सामायिक जागेतले नाव अडवले, त्याचा भार साऱ्या भाषेवर पडला.

जुळे सोलापूर: सामायिक जागेला हात लावू नये, हे मान्य. इतरांनी वापरायच्या मॉड्यूलमध्ये मी यापुढे ‘वेळप्रिंट’ असे वेगळे नाव देईन. मात्र एकट्यासाठी लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये ‘प्रिंट’ झाकणे चूक आहे, हे मला अजूनही कोणी पटवून दिलेले नाही.