चाळीस पुस्तकांची यूएक्स यादी: पहिला पगार घालवण्याआधी हे वाचा

धंतोलीकर:
काल इथे यूएक्सच्या, म्हणजे ॲप आणि वेबसाइट वापरायला सोप्या करण्याच्या कामाच्या, पुस्तकांची एक यादी आली. "यूएक्समध्ये यायचंय? ही चाळीस पुस्तकं घरी हवीतच. आवृत्ती कोणतीही चालेल, जुनी घ्या, स्वस्त पडते." खाली नागपूरच्या परसोडी आयटी पार्कात नुकती लागलेली पोरं धडाधड 'सेव्ह केलं' लिहून राहिली आहेत. त्यांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हे लांबलचक उत्तर.

"आवृत्ती कोणतीही चालेल" हे सगळ्यात घातक वाक्य आहे. नॉर्मन यांचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' घ्या. १९८८ साली ते 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने निघालं. त्यात अफोर्डन्स (वस्तूशी काय करता येतं ते) आहे, सिग्निफायर (ते कुठे करायचं हे सांगणारी खूण) नाही. डिझायनर मंडळी दिसणाऱ्या प्रत्येक खुणेला अफोर्डन्स म्हणायला लागली, म्हणून २०१३ च्या सुधारित आवृत्तीत नॉर्मन यांनी दोन्ही वेगळे करून सांगितले. जुनी प्रत वाचून आलेला मुलगा रिव्ह्यूत म्हणतो, "या बटणाला अफोर्डन्स कमी आहे," आणि बटण मोठं करतो. काचेवर बोट तर कुठेही टेकवता येतं. कमी असते ती 'इथे दाबा' सांगणारी खूण: कडा, रंगातला फरक, लेबलमधलं क्रियापद. निदान चुकलं की दुरुस्तीही चुकते.

टिडवेल यांच्या 'डिझायनिंग इंटरफेसेस'चंही तसंच. २००५ च्या प्रतीतली उदाहरणं डेस्कटॉपच्या जमान्यातली. आज कामाची आहे ती २०२० ची तिसरी आवृत्ती. क्रुग यांच्या 'डोन्ट मेक मी थिंक'ची २००० ची प्रत रस्त्यावर स्वस्त मिळेल, पण मोबाइलवरचं प्रकरण २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. सेकंडहँड घ्यायला ना नाही. फक्त मुखपृष्ठ पाहून पैसे देऊ नका, आतलं कॉपीराइटचं पान उघडून साल बघा.

काम अडलं की हात कुठे जातो, यावरून पुस्तक ठरवा. माझ्या मते सुरुवातीला पाच पुरतात. मुळाशी जायला नॉर्मन. डोळा, लक्ष आणि स्मृती यांसाठी जेफ जॉन्सन यांचं 'डिझायनिंग विथ द माइंड इन माइंड', तिसरी आवृत्ती. फॉर्मसाठी जॅरेट आणि गॅफ्नी यांचं 'फॉर्म्स दॅट वर्क'. लोकांशी बोलायला पोर्टिगल यांचं 'इंटरव्ह्यूइंग यूजर्स', २०२३ ची दुसरी आवृत्ती. टेस्टिंगला, म्हणजे लोकांना ॲप वापरायला देऊन ते कुठे अडतात ते बघायला, क्रुग यांचंच 'रॉकेट सर्जरी मेड ईझी'. त्यात टेस्ट घेताना काय बोलायचं ती पूर्ण संहिता छापलेली आहे, तिचं मराठी करून वापरता येते.

आणि पुस्तक आणलं की पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने स्वतःची सूची सुरू करा: डावीकडे प्रश्न, उजवीकडे पान. "लेबल वर की बाजूला?", "चूक झाल्याचा संदेश कुठे दाखवायचा?" छापील सूची लेखकाच्या शब्दांत असते, तुमची क्लायंटच्या प्रश्नांत असते. ज्या पुस्तकात ही सूची वर्षभर कोरी राहिली, ते दुसऱ्याला देऊन टाका.

त्रिमूर्तीनगर_पिक्सेल:
यादी माझी आहे, त्यामुळे उत्तरही मीच देतो. पाच पुस्तकांवर माणूस उभा राहत नाही, भाऊ. पाचच वाचणारा त्या पाचांतली चूकही पाठ करतो.

मानसशास्त्रज्ञ मिलर यांचा १९५६ चा '७ अधिक-उणे २' घ्या. या आकड्यावर "मेन्यूत सातच पर्याय ठेवा" असा नियम सांगणारी माणसं प्रत्येक ऑफिसात सापडतात. तो आकडा क्षणभर डोक्यात धरून ठेवण्याबद्दल होता. मेन्यू तर डोळ्यांसमोर उघडा असतो, त्यात पाठ काय करायचं? पुढे २००१ साली कोवन यांनी ती मर्यादा साधारण चारवर आणली. हे एका पुस्तकातून कळत नाही. दोन-तीन शेजारी ठेवून ताडून बघावी लागतात. संग्रह त्यासाठी लागतो.

आणि जुन्याचा एवढा तिटकारा काहून? रास्किन यांचं 'द ह्यूमेन इंटरफेस' २००० चं आहे, आणि मोड (एकच बटण वेगवेगळ्या स्थितीत वेगळं काम करतं ते) या विषयावर ते आजही वाचावं लागतं. कूपर यांच्या 'अबाउट फेस'ची चौथी आवृत्ती २०१४ ची, सातशेच्या आसपास पानं. ते कोणी सलग वाचत नाही, पण डायलॉग बॉक्सवरून मीटिंगमध्ये वाद झाला की तेच उघडावं लागतं. तुमच्या पाचांत त्याला जागाच नाही.

वर्धारोड_सुगम्य:
तुम्ही दोघंही पैसे खर्च करायला लावून राहिले. ज्यावर रोज काम अडतं ते फुकट उपलब्ध आहे आणि छापील विकत घेणं चूक आहे.

डब्ल्यूसीएजी म्हणजे अपंगांसकट सगळ्यांना वेबसाइट वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांची २.१ आली २०१८ मध्ये, २.२ आली ऑक्टोबर २०२३ मध्ये. २.२ मध्ये पार्सिंगचा (पानाचा कोड नीट रचलेला आहे का याचा) ४.१.१ हा निकष काढून टाकला आणि टार्गेटचा, म्हणजे दाबायच्या जागेचा, किमान आकार २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल हा एए या मधल्या पातळीवर आला. २०१९ च्या छापील पुस्तकात यातलं काहीच नाही. ॲपल ४४ पॉइंट सांगतं, गूगलचं मटेरियल ४८ डीपी. दोन्ही त्यांच्या साइटवर आहेत. साध्या मजकुराला ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, मोठ्या अक्षराला ३ ला १. हे आकडे ज्याला पाठ नाहीत त्याने आधी हे वाचावं, मग नॉर्मन.

टेस्टिंगचं निघालंच आहे तर तेही ऐका. "पाच जण पुरतात" हे सगळे सांगतात, त्यामागचं गणित कोणी सांगत नाही. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के निघतात. पण तुमच्या ॲपमध्ये एका माणसाला १० टक्केच सापडत असतील, तर पाच जणांत ४१ टक्केच निघतात, आणि ८५ पर्यंत जायला अठरा माणसं लागतात. शिवाय पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे आहेत असं त्यात गृहीत आहे. काटोलच्या संत्रा बागाईतदारासाठी ॲप करायचं आणि धरमपेठेतल्या कॉफी शॉपमध्ये पाच जण बसवायचे, ही टेस्ट धरताच येत नाही.

महालची_शाई:
एवढं वाचलं. पाच, चाळीस, फुकट, सगळं झालं. एकाच्याही शेल्फवर देवनागरी नाही. नागपुरात बसून मराठी माणसासाठी स्क्रीन करता आणि संदर्भ सगळे रोमन लिपीचे.

बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने काढला, तीन खंडांत. तुमच्यापैकी कोणाच्या यादीत आहे? वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेचं भारतीय लिप्यांच्या मांडणीवरचं दस्तऐवज फुकट आहे. ते किती जणांनी उघडलं?

नाही उघडलं की काय होतं ते सांगतो. बटणाची उंची इंग्रजी मजकुरावर ठरते, ओव्हरफ्लो हिडन असतं (चौकटीबाहेर जाईल ते लपवायचं), ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट. मग त्यात "मूर्तींना" टाका. रफार, वेलांटी आणि अनुस्वार वर एकावर एक चढतात, खाली दीर्घ उकार लोंबतो. वरचा अनुस्वार कापला जातो आणि अर्थ बदलतो. देवनागरीला १.५ च्या खाली जाऊच नका, आणि टेस्टला "मजकूर इथे येईल" न टाकता हाच शब्द टाका.

दुसरं, ल आणि श. मराठी वळण वेगळं, हिंदी वळण वेगळं. शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणच प्रमाण धरलं. युनिकोडमध्ये दोन्हींचा कोडपॉइंट (साठवणीतला क्रमांक) एकच, त्यामुळे मजकूर पुन्हा टाइप करून काही होत नाही. फॉन्टमध्ये मराठीची रूपं भरलेली असली पाहिजेत आणि पानाच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये (पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेत) हिंदीच्या जागी मराठीचा कोड असला पाहिजे, तेव्हाच योग्य अक्षर उमटतं. अर्ध्या साइटींवर तो कोड इंग्रजीचाच राहून जातो.

तिसरं, "दर्या" आणि "दऱ्या". चंद्रकोरीचा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे. सर्चने दोन्ही एक केले नसतील तर "पुऱ्या" शोधणाऱ्याला "काही सापडलं नाही" दिसतं. तुमच्या चाळीस पुस्तकांत यावर एक ओळ नाही.

धंतोलीकर:
शाईभाऊ, मुद्दा महत्त्वाचा असेल, पण विषय संग्रहाचा आहे. लँग ॲट्रिब्यूट आणि कोडपॉइंट ही डेव्हलपरची आणि फॉन्ट करणाऱ्याची कामं. सुरुवातीच्या मुलावर १९७१ चे तीन खंड लादून तो डिझायनर होणार नाही.

महालची_शाई:
हेच ऐकत आलोय, "ते डेव्हलपरचं काम". लेबल वर ठेवायचं की बाजूला हे तुम्ही ठरवता ना? मग मराठी लेबल इंग्रजीपेक्षा लांब जातं हे कोणी बघायचं? 'सबमिट'च्या जागी "अर्ज सादर करा" येतं. ८० पिक्सेलच्या बटणात ते तीन ठिपक्यांत संपतं, आणि ते कापताना कोड अक्षराच्या मधोमध कापतो. "स्त्री" हे डोळ्यांना एक अक्षर, आत सहा कोडपॉइंट. मधे कापलं की लटकता हलन्त नाहीतर ठिपक्यांचं वर्तुळ. ओटीपीचा एसएमएस मराठीत गेला की मर्यादा १६० वरून ७० वर येते, त्यापुढे ६७-६७ चे तुकडे आणि बिल दुप्पट. ही वाक्यं डिझायनर लिहितो, डेव्हलपर नाही.

आणि सुगम्यताई, तुमच्या डब्ल्यूसीएजीतल्या १.४.१२ या अंतराच्या निकषाबद्दल बोलाच. अक्षरांतलं अंतर फॉन्टच्या ०.१२ पट वाढवून बघा. शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात. हा तुमचा निकष!

वर्धारोड_सुगम्य:
आवाज खाली ठेवा, शाईभाऊ. निकष पूर्ण वाचला असता तर हा आरोप केला नसता. त्यातच अपवाद आहे: ज्या भाषेत आणि लिपीत एखादा गुणधर्म वापरत नाहीत, तिथे उरलेल्या गुणधर्मांवर पूर्तता धरली जाते. म्हणजे देवनागरीला ओळींचं १.५ पट, परिच्छेदांचं २ पट आणि शब्दांचं ०.१६ पट अंतर तपासा, अक्षरांचं सोडा. पण एवढं मान्य करते की तपासणीच्या टूलमध्ये चारही आकडे एकदम लागतात, आणि रिपोर्ट लिहिणारे शिरोरेषा तुटलेली बघूनही पुढे जातात. त्यांनी हे लिहून ठेवायला हवं.

कूलरसमोर:
पुस्तकं कोणतीही घ्या, ठेवणार कुठे ते कोणीच बोललं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, खोलीत कूलर चालतो, आणि त्याचा झोत बहुतेक घरांत थेट शेल्फवर.

डिझाइनची बहुतेक पुस्तकं चकचकीत कोटेड कागदावर असतात, चित्रांसाठी. हा कागद ओलावला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि तशीच वाळली की सुटत नाहीत. ओढलं की चित्राचा थर निघून येतो. भिजलं तर ओलं असतानाच प्रत्येक पानात साधा कोरा कागद घाला आणि पंख्याखाली उघडं ठेवा, उन्हात नको. शेल्फ कूलरच्या समोरच्या भिंतीला नको, बाजूच्या भिंतीला ठेवा, मागे दोन-तीन बोटं जागा सोडा. पुस्तकं ठासून भरू नका, आतून हवा जात नाही. शिवलेल्या बांधणीची प्रत मिळत असेल तर तीच घ्या. नुसत्या गोंदाची पाठ उन्हाळ्याने कडक होते आणि पुस्तक सपाट उघडलं की तिथेच तडकते. कसर लागते ती गोंद आणि खळीला, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळी काढून पुसा.

देशी पुनर्मुद्रणाबद्दलही एक. स्वस्त पडतं, पण पुष्कळदा आतून कृष्णधवल असतं. मजकुराच्या पुस्तकाला चालतं. रंग आणि कॉन्ट्रास्टवरच्या पुस्तकात लाल आणि हिरवा दोन्ही सारखे राखाडी दिसले, तर घेतलं कशाला? आतली पानं बघितल्याशिवाय मागवू नका.

त्रिमूर्तीनगर_पिक्सेल:
कूलरभाऊंचं बरोबर. आवृत्तीबद्दल धंतोलीकरांचं मला आवडलं नाही, पण खोडता येत नाही. यादीत प्रत्येक नावापुढे साल टाकतो. डब्ल्यूसीएजीची छापील पुस्तकं काढतो. 'अबाउट फेस' मात्र काढणार नाही, कोणी कितीही म्हणो.

धंतोलीकर:
ठेवा. पण चाळीस पुस्तकं हवीतच हे वाक्य काढा. पोरं यादी बघून घाबरतात आणि एकही विकत घेत नाहीत.

शाईभाऊ, सुरुवातीच्या मुलाला बापूराव नाईक नकोत यावर मी ठाम आहे. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात जाऊन बघावेत, घरी लागत नाहीत. तुमची शब्दांची यादी मात्र मी माझ्या फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये घेतोय: मूर्तींना, दऱ्या, स्त्री.

महालची_शाई:
"शाळेला" पण घ्या. श आणि ल एकाच शब्दात तपासता येतात. आणि ग्रंथालयात बघावेत म्हणता, तर निदान तेवढं यादीत लिहा. नाव दिसलं तरच कोणी जाऊन मागेल.

त्रिमूर्तीनगर_पिक्सेल:
लिहिलं. एकेचाळिसावं. "हवीतच" काढून "काम पडेल तसं" केलं.