मदत हवी आहे : जुनं सागवान आणि लोखंडी पाइप, दोन्ही घरी कापायचं आहे. यंत्र कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेतलं आमचं जुनं घर गेल्या महिन्यात उतरवलं. भंगारवाला सगळंच उचलणार होता, पण आईनं दोन सागवानी तुळया बाजूला काढायला लावल्या. "याचा झोपाळा कर, मला दुसरं काही नको," एवढंच म्हणाली. ती आता शहात्तर वर्षांची आहे आणि लग्न होऊन ती याच तुळयांखाली आली. त्यामुळे हे काम सुताराकडे न टाकता मला स्वतःच्या हातानं करायचं आहे.

तुळया सात-सात फुटी, चार बाय पाच इंच. फ्लॅटच्या गॅलरीत छताला कड्या नाहीत, म्हणून झोपाळ्याला लोखंडी सांगाडा लागेल. 50 बाय 50 चा चौकोनी पाइप, जाडी 2 मिमी. साधारण चौदा काप आहेत, त्यातले चार 45 अंशांत.

माझ्याकडे चार इंची ग्राइंडर आहे. सियागंजात एका दुकानात विचारलं, तर त्यानं लाकडाची दातेरी चकती हातात ठेवली. भोक 20 मिमीचं होतं, त्यात 16 ची रिंग घालून म्हणाला, "भिया, इसी पे चढा लो, सब यही करते हैं." मी चढवली. गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, आड येत होता म्हणून तोही काढला. तुळईच्या टोकाला अर्धा इंच आत गेलो असेन, तेवढ्यात चकती लाकडात चिमटली आणि ग्राइंडर उसळून माझ्याकडे आला. शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटली, कातडीला लागलं नाही. टोकात पाहिलं तर आत काळा पडलेला खिळा. त्या दिवसापासून ग्राइंडर पेटीत बंद आहे आणि खरं सांगतो, हात लावायची भीती वाटते.

दोन्ही कामं होतील असं एकच यंत्र मिळतं का? की दोन घ्यावी लागतील? बजेट दहा हजारांच्या आत. जागा म्हणजे गच्ची, तिथे 6 अँपिअरचा एकच पॉइंट आहे.

रंधा_पटाशी :

आधी हात शाबूत आहे हे फार बरं झालं. ती चकती आजच मोडून टाका, कुणाला देऊही नका.

मार्बल कटर, म्हणजे फरशी कापायचं यंत्र, तोही ग्राइंडरइतकाच, मिनिटाला अकरा-बारा हजार फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि आपले सुतार त्यावर रोज प्लाय कापतात. मग ग्राइंडरच का उसळतो? मार्बल कटरला खाली सपाट पाया असतो. तो लाकडावर टेकतो, चकती किती खोल जायची ते ठरलेलं असतं आणि ती वाकडी होत नाही. ग्राइंडर हवेत धरलेला असतो. मनगट केसभर वळलं की चकती काठाला घासते, दात लाकडात रुततात आणि सगळा जोर उलटा फिरून तुमच्याकडे येतो. त्यात तुमच्याकडे गार्डही नव्हता.

फळीसाठी सात इंची, म्हणजे 185 मिमीच्या चकतीची सर्क्युलर सॉ (हातात धरून चालवायची गोल करवत) घ्या. ती मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेते, पाया रुंद असतो आणि गार्ड आपोआप मिटतो. मात्र एका बाजूनं काप साधारण 65 मिमीच जातो, त्यामुळे तुळई उभी, म्हणजे लांबीत, चिरून फळ्या काढायचा खटाटोप घरी नको. ते काम आरा मशीनचं. फक्त आरेवाले खिळ्याचं लाकूड घेत नाहीत, पातं बिघडतं म्हणून. लोहचुंबक दोरीला बांधून तुळईच्या चारही अंगांवरून सावकाश फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूनं गोल करा आणि पटाशीनं उकरून खिळा काढा. खोल गेलेले चुंबकाला कळत नाहीत, म्हणून जुनी भोकं आणि काळे डाग दिसतील तिथेही उकरून बघा. यात एक दिवस गेला तर जाऊ द्या.

बडोद्याचा_वेल्डर :

लोखंडासाठी तुमचा ग्राइंडर उत्तम आहे, पेटीतून बाहेर काढा. 105 मिमीची, 1 मिमी जाडीची कापायची डिस्क लावा आणि गार्ड जागेवर ठेवा. मधल्या लोखंडी रिंगवर कधीपर्यंत वापरायची ते छापलेलं असतं, ते वाचूनच डिस्क घ्या. ओलीत राहिलेली किंवा मुदत संपलेली डिस्क फुटते. या ग्राइंडरनं 50 चा पाइप एका दमात कापला जाणार नाही. गुण्या (काटकोनी पट्टी) लावून चारही बाजूंना रेघ ओढा, पाइप शिकंज्यात आवळा आणि एकेक बाजू फिरवत कापा. कापताना सुटणारं टोक खाली पडायला मोकळं हवं. दोन्हीकडे टेकू दिलात की काप मिटतो आणि डिस्क अडकते.

45 चे चार काप मात्र फॅब्रिकेशनवाल्याकडून चॉप सॉवर करून घ्या. ते टेबलावर बसवलेलं कापायचं यंत्र, त्यात पाइप हव्या त्या कोनात आवळून 14 इंची चकती सरळ खाली आणता येते. वेल्डिंगसाठी तुम्हाला त्याच्याकडे जायचंच आहे, आणि झोपाळ्याचे सांधे शिकाऊ हातानं करू नयेत. चॉप सॉ विकत घेऊ नका, ती दोन हजार वॉटच्या आसपास खाते, तुमच्या 6 अँपिअरच्या पॉइंटला झेपणार नाही.

माळव्यातली_मृणाल :

एकच यंत्र घ्यायचं म्हटलं तर जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची करवत. पातं बदललं की लाकूडही कापते, लोखंडही. लाकडाच्या पात्याला इंचात सहाएक दाते, पातळ लोखंडाच्या पात्याला वीस-एकवीस. लोखंडावर वेग कमी ठेवायचा आणि तेलाचे दोन थेंब टाकायचे. पण जाड सागवानात पातं खालच्या अंगाला तिरकं जातं, म्हणून फळीच्या सरळ कडा तिच्यावर सोपवू नका. कोपरे गोल करायला मात्र तिच्यासारखी दुसरी नाही.

अजून एक. गच्चीवर लाकडाचा भुसा पडलेला असताना तिथेच ग्राइंडर चालवू नका. ठिणगी भुशात तासभर धुमसत राहते आणि आपण जेवायला खाली गेलो की पेटते. आधी लोखंड, मग झाडलोट, मग लाकूड.

धागाकर्ता :

तिघांचेही मनापासून आभार. काल चुंबक फिरवला. एका तुळईत अकरा खिळे निघाले, सगळे हातानं घडवलेले, चौकोनी. आईनं ते डब्यात जपून ठेवले आहेत. फळ्या आरा मशीनवर चिरून घेणार, पाइपचे सरळ काप ग्राइंडरनं, तिरके फॅब्रिकेशनवाल्याकडे. सर्क्युलर सॉ घेतो आणि कोपऱ्यांसाठी जिगसॉ शेजाऱ्यांकडून दोन दिवस मागून आणतो.

रंधा_पटाशी, एकच राहिलं. दीड इंची फळीच्या कडा सरळ करायला 24 दात्यांची चकती लावू की 40 ची? सागवान आडव्या कापात फार झडतं.

रंधा_पटाशी :

उभ्या कापाला 24, आडव्याला 40. आडवं कापताना फळीची चांगली बाजू खाली ठेवा. चकतीचे दात खालून वर येतात, त्यामुळे वरची बाजू झडते. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावून मग कापा.