तबल्याची पुडी (वरचं कातडं) थ्रीडीत हलवायची आहे, मॅटप्लॉटलिबच (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) ठेवू की दुसरं काही?

लयवेडा: मंडळी, बीएस्सीच्या मुलांना गोल पडद्याची कंपनं दाखवायची आहेत. पडद्याचा आकार देणारं बेसेल फंक्शन सायपाय या गणिती लायब्ररीतून, ६० बाय ९० ची जाळी, पृष्ठभाग काढायला प्लॉट_सरफेस आणि हलवायला फंकअ‍ॅनिमेशन. दर फ्रेमला अ‍ॅक्सिस क्लिअर करतो. चालतं, पण रखडत. शिवाय उभा अक्ष सारखा खालीवर उड्या मारतो. सेट_झेडलिम (उभ्या अक्षाची मर्यादा) सुरुवातीलाच दिलंय, तरी!

जुनाखोडरबर: क्लिअर केलंस की झेडलिमही पुसलं जातं. क्लिअर नकोच. जुना पृष्ठभाग तेवढा रिमूव्ह कर आणि नवा काढ. रिमूव्ह विसरलास तर पापडांसारखी एकावर एक चवड लागेल (अनुभवाचे बोल). व्हीमिन-व्हीमॅक्सही (रंगपट्टीची दोन टोकं) ठरवून दे, नाहीतर पुडी जवळपास सपाट झाली तरी रंग लालभडकच राहतात.

लयवेडा: उड्या थांबल्या! रखडणं आहेच.

बिंदुमाधव: ते राहणारच. मॅटप्लॉटलिब प्रत्येक फ्रेमला सगळे तुकडे खोलीनुसार लावून प्रोसेसरवरच रंगवतं. आणि ६० बाय ९० चा उपयोगही नाही: आरकाउंट, सीकाउंट (जास्तीत जास्त किती आडव्या-उभ्या ओळी घ्यायच्या ते) मुळात ५० असतात, म्हणून तुझी एक सोडून एक ओळ गाळली जाते. गंमत म्हणजे ५० बाय ५० दिलीस तर चित्र जास्त गुळगुळीत येईल. वर्गात माउसने फिरवून दाखवायचं असेल तर सरळ पायव्हिस्टा ही थ्रीडी लायब्ररी घे. जाळी एकदाच बनव, फक्त बिंदूंची उंची बदलत जा. रंगवायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. नुसती जिफ हवी असेल तर मॅटप्लॉटलिब पुरे, रात्रभर चालू दे.

लयवेडा: जिफच हवी आहे. पण पहिले दोन मोड (कंपनाचे प्रकार) एकत्र केले की जिफ संपून पुन्हा सुरू होते त्या जोडाशी झटका बसतो. एकट्या मोडला नाही.

जुनाखोडरबर: वेळेच्या लिनस्पेसला एंडपॉइंट फॉल्स (शेवटचा बिंदू वगळ) दिलंस का? पहिली फ्रेम दोनदा येत असेल.

लयवेडा: दिलंय.

बिंदुमाधव: मग कोड बरोबर आहे रे, पडदाच बेसूर आहे. साध्या पडद्याचे पहिले दोन मोड, म्हणजे त्यांच्या वारंवारता, १ ला १.५९३ अशा प्रमाणात. पहिल्याचं आवर्तन पुरं होतं तेव्हा दुसरा अधेमधेच कुठेतरी असतो, मग सम कशी गाठणार? तबल्यात शाईच्या (पुडीवरच्या काळ्या थराच्या) वजनामुळे ही प्रमाणं पूर्णांकांच्या जवळ येतात. सी. व्ही. रामन यांचा १९३४ चा शोधनिबंध याच विषयावर आहे. १.५९३ च्या जागी २ घालून बघ.

लयवेडा: घातलं. झटका गायब! आता दोन्ही जिफ शेजारीशेजारी लावतो, शाईविना आणि शाईसकट. झटक्याची मुद्दाम ठेवणार.