टेप की क्लाउड? १५ वर्षांनी उघडेल असं आर्काइव्ह निवडताना

दफ्तरदार (धागाकर्ता)

आमच्या कंपनीत मागच्या महिन्यात एक जुनं प्रकरण उकरून निघालं. ११ वर्षांपूर्वी पुरवलेल्या सुट्या भागांच्या मापांवरून एका ग्राहकाने दावा केला आणि मूळ ड्रॉइंग, तपासणीचे अहवाल दाखवायची वेळ आली. ज्या चुंबकीय टेपवर त्या फायली उतरवल्या होत्या ती कपाटात होती. लेबल स्वच्छ, तारीख बरोबर. टेप वाचणारं यंत्र, म्हणजे जुना ड्राइव्ह, उसना आणला, टेप आत गेली, फिरली आणि स्क्रीनवर संदेश आला की हे स्वरूप ओळखता येत नाही. ज्या बॅकअप सॉफ्टवेअरने ती लिहिली होती त्याचं लायसन्स आम्ही केव्हाच सोडलं होतं. कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे याची यादी त्याच सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर होती आणि तो सर्व्हर भंगारात गेला होता. फायली अखेर मिळाल्या, पण तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे मला परत नको आहेत.

आता नवी व्यवस्था निवडायची आहे. व्यवस्थापनाचा कल सगळं क्लाउडवर टाकण्याकडे आहे. माझं मत उलट आहे: मुख्य प्रत स्वतःच्या टेपवर, आणि क्लाउड फक्त दुसरी प्रत म्हणून.

वर सांगितलेल्या गोंधळाचा दोष टेपचा नव्हता, बंदिस्त स्वरूपाचा होता. २०१० मध्ये एलटीओ-५ सोबत (एलटीओ हे टेपचं मानक, ५ ही त्याची पिढी) एलटीएफएस ही टेपवर फायली ठेवण्याची खुली पद्धत आली. त्यात फायलींची यादी टेपवरच असते, टेप जोडली की फोल्डर दिसतात, बॅकअप सॉफ्टवेअर लागत नाही. कपाटातल्या टेपपर्यंत खंडणीखोर व्हायरस पोचत नाही. शिवाय परत वाचण्याचा वेळ बघा. एलटीओ-९ ची एक टेप १८ टीबीची, वेग सेकंदाला ४०० एमबी, म्हणजे पूर्ण टेप साडेबारा तासांत वाचून होते. तेवढाच डेटा १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) इंटरनेट लाइनवरून उतरवायला १६ दिवसांहून जास्त लागतात, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर.

गुगलचंच उदाहरण देतो. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे काही जीमेल खात्यांतली पत्रं नाहीशी झाली. ऑनलाइन प्रतींनाही त्याच चुकीचा फटका बसला होता. पत्रं परत आली ती टेपवरून.

विरोधी मतं ऐकायची आहेत, म्हणून धागा काढला.

तळमजला

पूर्ण असहमत. तुम्ही टेपचा विचार केलात, टेप सांभाळणाऱ्या माणसाचा नाही.

आमच्याकडे टेप बदलायचं काम एकाच माणसाकडे होतं. तो नोकरी सोडून गेला. त्यानंतर ड्राइव्हवर एक पिवळा दिवा लागायला लागला. टेप वाचणारं हेड साफ करा, असं तो सांगत होता. आठ महिने तो दिवा तसाच लागलेला, आणि येता-जाता आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. टेपा रिकाम्या निघाल्या असत्या तर निदान लवकर कळलं असतं. त्या अर्धवट निघाल्या. कुठे मार्चच्या अर्ध्या पावत्या, कुठे नुसते फोल्डर. पन्नास माणसांच्या कंपनीत हे काम कायम कुणाच्या तरी मुख्य कामाच्या कडेला पडलेलं असतं, आणि कडेचं काम १५ वर्षं नीट होत नाही.

दुसरं, टेप ३० वर्षं टिकते असं सांगतात, पण ती वाचणारा ड्राइव्ह कोण टिकवणार? एलटीओची पहिली पिढी २००० ची, नववी २०२१ ची. आधीचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचे. २०१७ मध्ये एलटीओ-८ आलं आणि ती सोय गेली: ते ७ वाचतं, ६ नाही. म्हणजे दर काही वर्षांनी नवा ड्राइव्ह घ्या आणि सगळ्या टेपा उतरवून पुन्हा लिहा. ते कोण करणार, तुमच्यानंतर?

नासाच्या लुनार ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राचे फोटो पाठवले. त्याच्या मूळ टेपा जपून ठेवल्या होत्या, पण वाचणारी यंत्रं जगात दुर्मिळ झाली. जी मिळाली ती नासाच्याच एका माजी अभिलेखपाल बाईंनी वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली होती. २००८ च्या सुमाराला ती दुरुस्त करून टेपा वाचायचं काम सुरू झालं, तेही एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या इमारतीत. आपल्या पावत्यांसाठी एवढी तळमळ कोण दाखवणार आहे?

क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉक लावा, त्यातला कडक (कंप्लायन्स) प्रकार. ठरवलेली मुदत संपेपर्यंत तुमच्या मुख्य अ‍ॅडमिनलाही फाइल पुसता येत नाही. ड्राइव्ह, हेड, पिवळा दिवा, सगळं त्यांच्याकडे.

दफ्तरदार

पिवळ्या दिव्याचं अगदी पटलं. पिढ्यांचं गणितही बरोबर आहे, आणि मी माझ्या मांडणीत ते धरलं नव्हतं हे कबूल करतो.

पण माणूस नोकरी सोडून जातो तशी कंपनीही धंदा सोडून जाते. सप्टेंबर २०१३ मध्ये नर्व्हॅनिक्स या क्लाउड कंपनीने ग्राहकांना कळवलं की आम्ही बंद होतोय, दोन आठवड्यांत आपापला डेटा घेऊन जा. वर दिलेलं १६ दिवसांचं गणित इथे लावून बघा. एका टेपभर डेटालाही दोन आठवडे पुरत नाहीत.

आणि ऑब्जेक्ट लॉक तुमच्या अ‍ॅडमिनपासून वाचवतं, तुमच्या हिशेब खात्यापासून नाही. ज्या कार्डावरून बिल जातं त्याची मुदत संपली, सूचना सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर जात राहिल्या, खातं बंद झालं, तर पुढे काय? टेपला कपाट पुरतं. तिचं बिल थकलं म्हणून ती रिकामी होत नाही.

तळमजला

नर्व्हॅनिक्सवरून टेप घ्या असं सिद्ध होत नाही. एकाच ठिकाणी सगळं ठेवू नका, एवढंच सिद्ध होतं. मे २०२४ चं युनिसुपरचं प्रकरण बघा. ऑस्ट्रेलियातला मोठा पेन्शन फंड. गुगल क्लाउडच्या बाजूने एक सेटिंग चुकलं आणि त्यांचं तिथलं खासगी क्लाउड पुसलं गेलं. दोन भौगोलिक ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही गेल्या, कारण दोन्ही एकाच खात्याखाली होत्या. सावरताना दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेले बॅकअपही कामी आले. त्यांना टेपची गरज पडली नाही. वेगळं खातं, वेगळी कंपनी, वेगळा पासवर्ड, हे महत्त्वाचं.

बिलाचा मुद्दा मात्र खरा आहे. आम्ही त्यासाठी दोन वेगळ्या लोकांच्या ईमेलवर सूचना लावल्या आहेत आणि पैसे वर्षाचे आगाऊ भरतो.

खतावणी

तुमचं दोघांचं भांडण कपाट कुठलं घ्यायचं यावर चाललंय. कपाटात काय ठेवणार, ते कुणीच विचारलं नाही.

मी हिशेबाकडची. आमच्याकडे जुनं विक्रीचं सॉफ्टवेअर बंद करताना आयटीने डेटाबेसचा पूर्ण डंप (सगळ्या नोंदींची नक्कल) काढला, चेकसम (फाइल बदलली नाही हे पडताळणारा आकडा) घेतला, दोन ठिकाणी ठेवला. सगळं नियमाप्रमाणे. सात वर्षांनी एका करारासाठी तो उघडला. एकही बिट हललेला नव्हता. माझ्यासमोर अशी ओळ आली: ग्राहक ४७१२, प्रकार बी, स्थिती ३, रक्कम अमुक. स्थिती ३ म्हणजे काय? माल पाठवला? परत आला? रद्द? तो अर्थ डेटाबेसमध्ये नव्हताच, तो सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये लिहिलेला होता, आणि सॉफ्टवेअर गेलं होतं. शेवटी एका निवृत्त सहकाऱ्याला फोन केला. ते म्हणाले, ३ म्हणजे अंशतः परत. मग जरा थांबून म्हणाले, पण मधल्या एका वर्षी आपण तो अर्थ बदलला होता. कुठल्या वर्षी, ते त्यांना आठवेना.

अशा डेटाला टेपवर ठेवा नाहीतर ढगात, तो मुकाच राहणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सॉफ्टवेअर जिवंत असतानाच, ते चालवणारी माणसं हजर असतानाच, डेटा बाहेर काढा. तक्ते सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुरात), कागद पीडीएफ/ए मध्ये. पीडीएफ/ए हे २००५ पासूनचं आयएसओ मानक आहे, त्यात फॉन्टसुद्धा फाइलच्या आतच असतो, त्यामुळे उद्या दुसऱ्या मशीनवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसत नाहीत. आणि प्रत्येक तक्त्यासोबत एक साधी मजकुराची फाइल: कुठला रकाना म्हणजे काय, कुठला कोड म्हणजे काय, तो अर्थ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू. ती लिहायला मला आणि अजून एका सहकाऱ्याला चार दिवस लागले. ते चार दिवस मंजूर करून घ्यायला मला पाच महिने भांडावं लागलं, कारण कुठल्याच कोटेशनमध्ये तो खर्च नसतो.

पाणवठा

खतावणी यांच्याशी सहमत, पण एवढी निवड-टिवड कशाला? साठवण स्वस्त झाली आहे. सगळंच ठेवा, जुना सर्व्हर व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या संगणकावर चालणारा आभासी संगणक) करून जसाच्या तसा ठेवा. लागेल तेव्हा चालू करू.

खतावणी

व्हर्च्युअल मशीन जोडीला असू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. १५ वर्षांनी त्याचं लायसन्स, त्याचा पासवर्ड, ते चालवणारी प्रणाली, तीनही हवं.

आणि "सगळंच ठेवा" याला माझा कडक विरोध आहे. नोकरीसाठी आलेल्या आणि न घेतलेल्या उमेदवारांचे अर्ज, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, हे आपण कशासाठी धरून बसायचं? ती माणसं आपल्यावर विश्वास ठेवून कागद देऊन गेली. युरोपच्या जीडीपीआरसारख्या कायद्यांत तर माझी माहिती पुसा असं सांगण्याचा हक्क माणसाला आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या टेपवरून, किंवा तळमजला यांच्या लॉक केलेल्या फायलींतून, एकाच माणसाची नोंद कशी पुसणार?

तळमजला

याला एक रस्ता आहे. व्यक्तिगत नोंदी गटागटाने वेगवेगळ्या किल्ल्यांनी एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करायच्या. पुसायची वेळ आली की त्या गटाची किल्ली नष्ट करायची. टेपवर अक्षरं राहतात, पण ती कुणालाच वाचता येत नाहीत. मात्र हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं, मागाहून जमत नाही.

दफ्तरदार

दोन दिवस विचार करून आमच्या बैठकीसाठीचा कागद बदलला. खतावणी यांची अर्थाची फाइल आता पहिल्या पानावर आहे, यंत्रांच्या आधी. त्या फाइलशिवाय कुठलाही विभाग आर्काइव्हमध्ये काही टाकणार नाही.

टेप मी सोडत नाही. एलटीएफएस टेपचे दोन संच, दोन इमारतींत, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. पण ड्राइव्ह बदलण्याचा खर्च आणि टेपा पुन्हा लिहिण्याचे दिवस आता अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर घातले आहेत. तळमजला यांनी विचारलं नसतं तर ती ओळ आली नसती.

आणि दर सहा महिन्यांनी एक चाचणी. आयटीबाहेरच्या कुणीतरी, म्हणजे विक्री किंवा हिशेबातल्या माणसाने, चिठ्ठी काढून एक जुना व्यवहार मागायचा. तो तीन दिवसांत, वाचता येईल असा, चेकसम जुळवून त्याच्या टेबलावर यायला हवा. पहिल्या चाचणीसाठी मी ११ वर्षांपूर्वीचं तेच ड्रॉइंग निवडलं आहे.

तळमजला

चाचणी उत्तम. तरी तीन वर्षांनी तुम्ही तिथे नसाल तेव्हा ती कोण घेणार, ते नाव कागदावर आहे का? आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या कुठे ठेवणार?

दफ्तरदार

किल्ल्या छापून, सीलबंद पाकिटात, टेपांच्या दोन्ही इमारतींपासून वेगळ्या तिजोरीत. ज्या गटाची मुदत संपेल त्याचं पाकीट दोघांच्या सहीने नष्ट होईल. चाचणी घेणाऱ्याच्या नावाची जागा अजून रिकामी आहे. सोमवारी बैठकीत तीच आधी भरून घेतो.